मुदत नसलेले संकट

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे अवघड करणारी मेंदूची स्थिती, असलेली माणसे संकटात गडबडून जातात, हा समज निदान माझ्याबाबतीत अर्धाच खरा आहे. घरात कुणाला अपरात्री रुग्णालयात हलवावे लागले, तर रिक्षा, जुने रिपोर्ट, पैसे आणि नातेवाइकांना निरोप हे सगळे मी शांतपणे पार पाडते, कारण तातडी आली की एरवी दहा दिशांना धावणारे लक्ष आपोआप एका जागी येते. मला जमत नाही ते निराळे संकट, ज्याला मुदत नसते आणि ज्यात वाट पाहण्यापलीकडे करण्यासारखे फारसे काही नसते. मार्च २०२० मधली टाळेबंदी तशी होती; सध्या कार्यालयात चाललेली नोकरकपातीची कुजबुजही तशीच आहे.

कामांचा क्रम लावणे, मोह आवरणे, हातातले काम ध्यानात धरून ठेवणे ही जबाबदारी मेंदूच्या कपाळामागच्या भागाची असते आणि त्याला डोपामिन व नॉरॲड्रेनालिन ही रसायने नेमक्या प्रमाणात लागतात. येल विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ एमी आर्न्स्टन यांच्या संशोधनातून असे दिसते, की आपल्या ताब्यात नसलेला ताण आला की ही रसायने प्रमाणाबाहेर वाढून हाच भाग तात्पुरता निकामी होऊ लागतो. हे कुणाच्याही बाबतीत घडते. एडीएचडीत मात्र तो भाग मुळातच काठावर चालत असतो. त्यामुळे ‘जरा मनाला शिस्त लाव’ हा सल्ला, कितीही प्रेमाने दिलेला असला, तरी मला चीड आणतो.

टाळेबंदीत माझी शिस्त गेली नाही; ती ज्यांच्या आधारावर उभी होती, ते आधार गेले. ठरलेली लोकल, डबा उघडण्याची वेळ, शेजारच्या टेबलावर मान खाली घालून काम करणारा सहकारी. त्यात औषधाचा प्रश्न उभा राहिला. एडीएचडीवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येते, म्हणजे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ती अनेकांना वरदान ठरली. पण शेड्यूल एक्समधली औषधे तशी लिहून देण्यास त्यांत मनाई होती. गैरवापराची भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. तरीही कागद हरवणे आणि भेटीची वेळ विसरणे हाच ज्यांचा आजार, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कडक कागदपत्रे यावीत, यात काहीतरी विनोदी आहे. एडीएचडीवरचेच दुसरे औषध, ॲटोमॉक्सेटिन, या यादीत नाही. मात्र त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच असायला हवा.

त्या काळात मला खरा हात दिला तो ताईने. ती नाशिकला, मी डोंबिवलीला. सकाळी फोन स्पीकरवर ठेवून ती तिच्या वह्या तपासायची आणि मी माझे काम करायचे. आम्ही बोलायचो जवळजवळ नाहीच, पण पलीकडे कुणीतरी आपले काम करत आहे एवढ्यानेच मी खुर्चीत टिकून राहायचे. आता कपातीच्या चर्चेने पुन्हा झोप उडाली, तेव्हा हाच परिपाठ आम्ही सुरू केला आहे. शिवाय बातम्या आणि कार्यालयीन अफवा यांना संध्याकाळची एकच वेळ दिली आहे, आणि गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांची वेळ घेण्याची आठवण ताईच्या फोनमध्ये लावली आहे, माझ्या नव्हे.

वरिष्ठांना सांगून कामाचे छोटे टप्पे मागून घ्यावेत, असे डॉक्टर सुचवतात. सल्ला योग्य आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, त्यामुळे अशी सवलत मिळणे बव्हंशी समोरच्याच्या समजूतदारपणावर सोडलेले असते. कुणाला काढायचे याची यादी तयार होत असताना तो समजूतदारपणा पारखून पाहण्याची माझी तयारी नाही; म्हणून यादी लागेपर्यंत तरी मी कार्यालयात काही सांगणार नाही.