नवा टर्नटेबल, जुना अँप्लिफायर

नव्या टर्नटेबलचा (रेकॉर्ड प्लेअरचा) आवाज जुन्या अँप्लिफायरमधून फाटका आणि बोजड येत होता. बास, म्हणजे खालचे सूर, तर सगळ्यावर पसरलेला. सुईला दोष देण्याआधी मी मागची बाजू पाहिली. तिथे ‘फोनो/लाइन’ असा बारीक खटका होता, ‘लाइन’वर. केबल मात्र अँप्लिफायरच्या ‘फोनो’ इनपुटमध्ये.

सुई बसवलेल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बास दाबलेला आणि ट्रेबल (वरचे सूर) चढवलेला असतो. वाजवताना आरआयएए या ठरलेल्या प्रमाण वक्रानुसार ते उलटवावं लागतं. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँपची. तो या टर्नटेबलच्या पोटात आहे, खटका ‘लाइन’वर असला की चालू असतो, आणि अँप्लिफायरच्या फोनो इनपुटमागेही आहे. म्हणजे सिग्नल दोनदा वाढलेला, बास दोनदा चढलेला!

टर्नटेबल ‘लाइन’वरच ठेवून केबल ऑक्समध्ये, म्हणजे प्रीअँप नसलेल्या साध्या इनपुटमध्ये, लावली तरी चालतं. पण मी खटका ‘फोनो’वर केला, कारण या जुन्या अँप्लिफायरचा फोनो विभाग मला मनापासून आवडतो. गायिकेचा श्वाससुद्धा त्यातून ऐकू येतो.

मग राहिली घरघर. टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर अँप्लिफायरच्या ‘जीएनडी’ स्क्रूखाली घट्ट आवळली, तीही थांबली.