चाळीस चौकोनांची पिशवी

अमळनेरला मामांच्या दुकानात खतांचा हिशोब ठेवायला कॉम्प्युटर आला आणि मे महिन्यातल्या दुपारी, दुकान बंद असताना, तो आमचा झाला. बाहेर पत्रे तापून तडतडायचे. खिडकीला ओलं गोणपाट, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आणि त्या अंधारात मी नि मामेभाऊ ‘डायब्लो’ खेळत बसलेलो. खेळ १९९६-९७च्या सुमाराचा, आमच्यापर्यंत पोचेस्तोवर चार-पाच वर्षांनी शिळा झालेला. आम्हाला त्याचं काय!

ट्रिस्ट्रम नावाचं गाव, गावात पडकं चर्च, चर्चखाली सोळा मजले आणि तळाशी सैतान. सांगायला गोष्ट एवढीच. पण खरं सांगू? आम्ही सैतानासाठी खेळतच नव्हतो. आम्ही पिशवीसाठी खेळायचो.

पिशवीत चाळीस चौकोन. दहा आडवे, चार उभे. अंगठीला एक पुरतो, चिलखताला सहा लागतात. तळघरात सांगाडे लोळवले की वस्तू पडायच्या आणि मग खरी लढाई सुरू व्हायची. धनुष्य ठेवू की ढाल? बाजारातून येताना आजी कांदे-बटाटे तळाशी, टोमॅटो वर आणि कोथिंबीर हातात धरायची, तसं आम्ही तलवारी उचलून इकडच्या तिकडे करायचो. नाण्यांनाही जागा लागायची, पाच हजारांना एक चौकोन. म्हणजे श्रीमंत झालं की पिशवी भरली. तिजोरी नव्हतीच. मग नाण्यांच्या राशी गावात उघड्यावर, जमिनीवर ओतायच्या. कुणी हात लावायचं नाही! एवढं सालस गाव, आणि नेमकं त्याच्याच खाली सैतान.

या गावात पळता यायचं नाही. लोहाराकडून म्हाताऱ्या केनकडे जायचं तर रमतगमत. मागे खेळाचा संगीतकार मॅट उलमेन याची बारा तारांची गिटार वाजत राहायची. कडेला गाई उभ्या, क्लिक केलं की हंबरायच्या. केन शंभर नाणी घेऊन अनोळखी अंगठीचा गुण सांगायचा, आणि पैसे मोजल्यावर कळायचं की ही घालणाऱ्याचीच ताकद कमी करते. लाकडी पायाचा वर्ट तर माल नुसता दाखवायचे पन्नास घ्यायचा. आमच्या बाजारात बाया दहा आंबे दाबून, हुंगून, एकही न घेता पुढे जातात. वर्ट इथे एक दिवस टिकला नसता.

एकदा आजी मागे येऊन उभी राहिली. खाली सगळी भुतं, वर गाव बरं, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “मंग तठे काब्र जास?”

मग तिथे जाता कशाला? याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे कधीतरी वाचलं की हा खेळ आधी तुझा डाव-माझा डाव अशा पद्धतीचा होणार होता. खेळ बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेविकने एका दुपारी ते बदलून बघितलं, क्लिक केलं तसा सांगाडा लगेच कोसळला, आणि खेळ तिथेच ठरला. डायब्लो हे नावही त्याने कॅलिफोर्नियातल्या आपल्या भागातल्या डोंगरावरून घेतलं होतं.

आमची भांडणं मात्र वेगळीच. माझ्या खेळात दुसऱ्या मजल्यावर कसाई नावाचा राक्षस होता. भाऊ म्हणाला, त्याच्यात नाहीच. खोटारडा कोण, यावर दोन दिवस अबोला. दोघंही खरे निघालो. मजले दर नव्या खेळात वेगळे रचले जातात आणि काही कामगिऱ्या तर येतच नाहीत. कसाई भेटला आणि नेमकी लाइट गेली, तेव्हा मला एका परीने सुटल्यासारखंच वाटलं होतं.

परवा अमळनेरहून निघताना मामीने कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स आणि भरताची चार वांगी पुढ्यात मांडली. बॅग एकच. मी सवयीने पीठ तळाशी घातलं, वांगी आडवी लावून बघितली, मग उभी. भाऊ दारात हसत होता.

“वांगी टाक खाली,” तो म्हणाला. “सहा चौकोन खाताहेत.”

वांगी बॅगेतच ठेवली. पापडाचा डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो.