काळी नाही, पण टर्बोवाली: बजेटातली १९८७ ची ब्यूक रीगल

ग्रँड नॅशनल, म्हणजे ब्यूक रीगलची काळी टर्बोवाली आवृत्ती, घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि आजही नाही. काळीभोर, कमी चाललेली १९८७ ची ग्रँड नॅशनल घ्यायची तर नव्या एसयूव्हीएवढे पैसे मोजावे लागतात. तिच्याहून तेज असलेल्या जीएनएक्सचं तर नावच काढू नका. त्या फक्त ५४७ बनल्या, आणि ज्यांच्याकडे आहेत ते त्यांच्यावर पाऊससुद्धा पडू देत नाहीत. पण ब्यूकने १९८७ साली आमच्यासारख्यांवर एक उपकार करून ठेवलाय. ग्रँड नॅशनलचंच ३.८ लिटरचं टर्बो (हवा दाबून भरणारं) व्ही-६ इंजिन, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसकट, साध्या रीगलवरही ऑर्डर करता येत होतं. ताकद २४५ हॉर्सपॉवर. त्या वर्षीच्या कॉर्व्हेट या व्ही-८ स्पोर्ट्स कारची २४० होती, आणि व्ही-८ वाल्यांना ही गोष्ट अजूनही झोंबते. म्हणजे इंजिन तेच, मागची चाकं फिरवणारी चौकट तीच, फक्त रंग आणि नाव वेगळं. बाजार मात्र रंगाचे आणि नावाचे पैसे लावतो.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. कोल्हापुरात असताना बुलेट उघडून जोडण्यात हात काळे केलेले, त्यामुळे पाना हातात धरायची भीती नव्हती. गाडी, कर, सुटे भाग सगळं धरून पंधरा हजार डॉलर, त्यापुढे एक पैसा नाही, असं घरात ठरलं. हा आकडा बायकोने फ्रिजवर लिहून लावला.

मिशिगनमध्ये जुनी गाडी शोधायची म्हणजे आधी गंज बघायचा. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ चौकट खाऊन टाकतं. या गाड्यांची चौकट मागच्या चाकांच्या मागे आधी सडते. वरून रंग चकचकीत आणि खाली स्क्रू ड्रायव्हर आरपार, असे नमुने मी पाहिले. शेवटी दक्षिणेकडे नजर वळवली आणि टेनेसीत एक सापडली: गडद लाल रंगाची रीगल लिमिटेड, समोर सलग बाकासारखी मखमली सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. फोटो बघून बायको म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की दिवाणखान्यातला सोफा?" मला नेमकं हेच हवं होतं. असल्या आजोबा-छाप गाडीला सिग्नलवर कोणी हिंग लावून विचारत नाही.

विकणारा 'ओरिजिनल टर्बो' म्हणत होता. तोंडी शब्दावर जाऊ नका. चासी नंबरातला आठवा आकडा बघा. १९८६-८७ च्या टर्बो इंजिनाला तिथे ७ असतो. दुसरी खूण डिक्कीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कारखान्याचा कागद. त्यावर टर्बो इंजिनाचा एलसी२ हा कोड हवा, आणि ग्रँड नॅशनल म्हणून विकत असतील तर डब्ल्यूई२. साधी रीगल काळी रंगवून ग्रँड नॅशनलच्या भावात खपवणारे महाभाग कमी नाहीत. माझ्या गाडीचा कागद पिवळा पडून कडेने फाटला होता, पण कोड वाचता येत होता.

मग बॉनेट उघडलं. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून बोटाने पंखा हलवून पाहिला. आडवा किंचित हलला तर चालतो, पुढे-मागे मुळीच हलता कामा नये. इंजिन चालू ठेवून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारली, तर इंजिन एकदम अडखळलं. म्हणजे सेन्सर गेलेला. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण भाव करताना तो मुद्दा बरोबर काढला. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) शाबूत. आतलं छताचं कापड मात्र लोंबून डोक्याला लागत होतं, आणि मागच्या बंपरच्या बाजूची प्लॅस्टिकची पट्टी हात लावताच बिस्किटासारखी चुरली. या दोन्ही गोष्टी प्रत्येक जुन्या रीगलमध्ये असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नये.

साडेअकरा हजाराला सौदा ठरला. भाड्याच्या ट्रेलरवर चढवून घरी आणली. नोंदणी करताना मिशिगनचा सहा टक्के कर, म्हणजे ६९० डॉलर, गेले. इथे धुराची तपासणी नाही, त्यामुळे ती कटकट वाचली.

आता खरा प्रश्न: उरलेल्या पैशांचं काय करायचं? जो तो आधी बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवायच्या मागे लागतो, कारण ते फुकट होतं. टर्बोवरच्या वेस्टगेटचा, म्हणजे धूर टर्बोला बगल देऊन सोडणाऱ्या झडपेचा, दांडा दोन-चार आटे आखडला की दाब वाढतो आणि पाठ सीटला चिकटते. माझं मत उलटं आहे. फुकट मिळणारी गोष्ट सगळ्यात शेवटी करावी. आधी गाडी थांबली पाहिजे, मग तिला पोटभर पेट्रोल मिळालं पाहिजे, मग आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे, आणि मग दाबाचं बघू.

थांबण्याचं आधी, कारण या गाड्यांचे मूळचे ब्रेक हा एक वेगळाच प्रकार आहे. साध्या गाडीत ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. टर्बो दाब देत असताना व्हॅक्यूम नसतो, म्हणून इथे विजेवर चालणारा पंप आणि दाब साठवणारा एक गोळा बसवलाय. नवा असताना उत्तम. म्हातारा झाला की गोळा दाब धरत नाही, आणि पंप बसला तर पेडल दगडासारखं होतं. चावी बंद ठेवून पेडल वीसेक वेळा दाबा, मग चावी फिरवा. पंप वीस सेकंदांच्या आत गप्प बसला पाहिजे. माझा गुणगुणतच राहिला. दुरुस्त युनिटच्या किमती ऐकून मी हात जोडले आणि साध्या व्हॅक्यूम बूस्टरवर आलो. एक झडप व्हॅक्यूम धरून ठेवते, त्यामुळे पाय सोडून ब्रेक दाबला की काम भागतं. पाइप नव्याने वळवावे लागले. शेजारचे निवृत्त मशिनिस्ट आजोबा दोन शनिवार खुर्ची टाकून बसले आणि 'आणखी थोडं वाकव' एवढंच सांगत राहिले.

पेट्रोलचं गणित सोपं आहे, पण ते कोणी करत नाही. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढल्यावर लाइनमध्ये ४३ पीएसआय (दाबाचं एकक) दाब हवा. टर्बो जेवढा बूस्ट देईल तेवढा यात वाढला पाहिजे. म्हणजे १५ पीएसआय बूस्टला ५८. त्यापेक्षा कमी दिसला तर इंजिन उपाशी आहे, आणि उपाशी टर्बो इंजिन नॉक करतं, म्हणजे आत पेट्रोल अवेळी भडकतं. त्या नॉकिंगने हेड गॅस्केट उडतं. यासाठी दाबाचा काटा लांब नळीला लावून, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर टेपने चिकटवतात. दिसायला हास्यास्पद, पण याहून स्वस्त आणि खरं निदान नाही.

रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर गेलो. काटा वाचायला बायकोला शेजारी बसवलं. "छत्तीस," ती म्हणाली. मी पाय दाबला. "चाळीस... पन्नास... चोपन्न... अरे, बावन्न झालं!" मी तत्काळ पाय काढला. दाब चढण्याऐवजी उतरत होता, म्हणजे टाकीतला पंप दमलेला. टाकी उतरवून ताशी २५५ लिटरचा पंप टाकला. तेवढ्याने भागत नाही. कारखान्याची पंपाची वायर बारीक असते आणि पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. म्हणून रिले लावून जाड वायर मागपर्यंत ओढली. पुढच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता. "अठ्ठावन्न. अठ्ठावन्नच आहे. आता चल, येताना कोथिंबीर घ्यायचीय."

नॉकिंग बघायला डॅशवर एक छोटा डिजिटल डिस्प्ले बसवला. तो डॅशखालच्या १२ पिनांच्या सॉकेटला जोडला जातो आणि नॉक थांबवायला कॉम्प्युटर प्लगची ठिणगी किती अंश उशिरा पाडतोय ते दाखवतो. गाडीला हे आधीपासून कळतं, पण ती तुम्हाला सांगत नाही. माझ्या मते या गाडीवर खर्चलेले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे हे. शून्य दिसतंय तोवर पाय दाबा, आकडा उठला की सोडा.

बाकीचं भराभर सांगतो. हवेचा सेन्सर बदलला, तडकलेल्या सगळ्या व्हॅक्यूम नळ्या बदलल्या, प्लग नवे घातले. ऑइल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घालतो, कारण यातला कॅमशाफ्ट जुन्या घडणीचा आहे आणि आजच्या साध्या ऑइलमध्ये त्याची घासण होते. मग ९३ ऑक्टेन पेट्रोलसाठी लिहिलेली इंजिन कॉम्प्युटरची चिप घातली, तीन इंचांचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) आणि मागचे चांगले टायर घेतले. नॉक रोखायला इंजिनात अल्कोहोल फवारायचं किट घे म्हणून मित्रांनी खूप आग्रह केला. पण त्याची टाकी रिकामी झाल्याचं लक्षात आलं नाही तर पुढचा हिशेब इंजिनच देतं, म्हणून नको म्हटलं.

सगळ्यात शेवटी वेस्टगेटचा दांडा आखडला. एक आटा, चक्कर, डिस्प्लेवर नजर, पुन्हा एक आटा. १७ पीएसआयला थांबलो. काट्यावर ६०, नॉक शून्य. ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल १३.१ सेकंदांत गेली. शेजारच्या लेनमधल्या नव्या मस्टँगवाल्याने नंतर येऊन आधी सीट बघितली, मग बॉनेट उघडायला सांगितलं.

फ्रिजवरच्या आकड्यात आता जेमतेम चारशे डॉलर शिल्लक आहेत, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना गिअरबॉक्स थोडा घसरतोय. मूळच्या दाबासाठी बनवलेला, चाळीसेक वर्षांचा. त्याच्याकडून आणखी किती अपेक्षा करायची? उघडून नव्या क्लच प्लेटा टाकायचे एकाने २,२०० सांगितलेत. अठराशेवर आला आणि घरातून फ्रिजवरचा आकडा खोडायची परवानगी मिळाली, तर डिसेंबरात खाली उतरवेन.