मागे बसणाऱ्याची गाडी

शनिवार, रात्री

बाबांच्या मोटरसायकलच्या चेन कव्हरवरचं कंपनीचं स्टिकर आज ओल्या फडक्यानं पुसून नीट वाचलं. कडेनं खरवडलंय, पण आकडे शाबूत आहेत. पुढच्या चाकात २५ पौंड हवा. मागच्या चाकात एकट्यासाठी २८, मागे माणूस असेल तर ४०. गाडी १९९९ची. तेव्हापासून हे आकडे आमच्या दारात उभे आहेत, आणि मागे कुणी बसणार म्हणून या घरात कधी कुणी हवा वाढवल्याचं मला आठवत नाही. पंपावरचा पोरगा तर विचारतच नाही, पुढे-मागे सरसकट ३५ मारतो आणि नळी गुंडाळतो.

४० ऐकून दचकायला होतं खरं. पण मागे बसलेल्या माणसाचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं, पुढच्या चाकाला त्याचा फारसा पत्ताच नसतो. २८वर दोघं बसलो की टायर दबतो, वळणावर गाडीचं ढुंगण हलतं, आणि खड्ड्यात थेट रिमला मार लागून स्पोक सैल होतात. उलट ४० भरून एकटीनं फिरायचं तर गाडी टणाटण उडते, ओल्या रस्त्यावर मागचं चाक धरत नाही. म्हणजे माणूस बदलला की हवा बदलायची. मीटरवाला पायपंप आणलाय. बाबा म्हणाले, “एवढं कोण करतं?” मी म्हटलं, “तुमच्या मानेसाठी करायचं.”

गाडी बाबांची. स्प्लेंडर, काळी, जांभळ्या-तांबड्या पट्ट्यांची, एमएच ११. मेढ्याच्या पलीकडच्या शाळेवर ते हिच्यावरूनच जायचे. आता मानेचे मणके झिजलेत. डॉक्टरांनी चालवायला बंदी केली, बसायला परवानगी दिली, आणि वर सांगितलं, “दणके नकोत.” साताऱ्यात राहून दणके नकोत! माझी स्कूटर त्यांनी एका फेरीतच नापास केली, आणि त्यात तथ्य आहे. तिचं दहा इंची चाक खड्ड्यात उतरतं, स्प्लेंडरचं अठरा इंची बऱ्याचदा वरून निघून जातं. रिक्षाचं तर बोलायलाच नको. खड्डा टाळायला दोन चाकं इकडे-तिकडे केली तरी तिसरं बरोबर मधोमध जातंच.

म्हणून आता मी पुढे आणि बाबा मागे.

रविवार

मिस्त्रींकडे सकाळ गेली. त्यांनी एक किक मारली, कान लावला आणि म्हणाले, “ताई, इंजिनाला हात लावू नका, एक नंबर आहे. पण खालचं सगळं संपलंय.”

हे वाक्य मला पटलं. आपल्याकडे जुनी गाडी सांभाळतात म्हणजे इंजिन सांभाळतात. वेळेवर ऑईल, एअर फिल्टर, प्लग, कार्बोरेटर. ९७.२ सीसीचं हे इंजिन एवढ्यावर खूश असतं, तक्रार करत नाही. आवाज पुढे चालवणाऱ्याच्या कानाशी असतो, त्यामुळे तिथे काही बिघडलं की लगेच गॅरेज. पण दणके झेलणारे शॉकअप, मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या सांध्यातले बुश, मागच्या ड्रममधले रबर, स्पोक यातलं जे झिजतं ते सावकाश झिजतं, आणि कळतं ते मागच्याला.

शॉकअप तपासायची त्यांची रीत साधी. मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी जोरात खाली दाबायचं आणि सोडायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. आमची वर आली, खाली गेली, परत वर आली. आतलं तेल कधीच गेलेलं, नुसत्या स्प्रिंगा उरलेल्या. मग डबल स्टँडवर लावून मागचं चाक धरून आडवं हलवलं, तर चाकासकट सगळा स्विंग आर्मच डाव्या-उजव्या बाजूला खुळखुळला. बुश संपले. चाक फिरवून बघितलं तर रिम आउट, म्हणजे फिरताना लचकत होती.

चेनचं त्यांनी एक छान समजावलं. गाडी स्टँडवर उभी करून चेन बरोबर ताणली म्हणून खूश व्हायचं नाही. माणसं बसली की मागचं चाक वर सरकतं, आणि चेनचं पुढचं दातेरी चाक, स्विंग आर्मचा खिळा आणि मागच्या चाकाचा आस एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. दोघांसाठी चालणाऱ्या गाडीत तेवढा वाव ठेवायला लागतो, साधारण इंचभर. जास्त घट्ट ठेवली तर बेअरिंग ओरडतात, जास्त सैल ठेवली तर प्रत्येक गिअरला हिसका बसतो आणि मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटतं. मानेचे मणके झिजलेल्या माणसाला हा ठोसा स्पीडब्रेकरपेक्षा वाईट.

सगळं बदलायला सांगून आले. नवे शॉकअप खाचांचे आहेत, रिंग फिरवून स्प्रिंग कडक-मऊ करता येते. मिस्त्री म्हणाले, “गुरुजींच्या वजनाला मधल्या खाचेवर ठेवतो.” पेट्रोलची नळीही बदलायला सांगितली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, आमची नळी टोकाला तडकलेली होतीच.

मंगळवार

गाडी आली. घेण्याआधी मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही चालवा, मी मागे बसते. त्यांना हसू आलं, पण बसले. गोडोलीपर्यंत जाऊन आलो.

मागे बसणं वेगळंच आहे. पुढच्याला खड्डा आधी दिसतो, त्याचे हात, गुडघे, पोट आपोआप तयार होतात. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, आणि धक्का बसून गेल्यावरच तो कळतो. शिवाय बसायची जागाच अशी की मागच्या चाकाचा आस जवळजवळ खालीच येतो. पुढचा माणूस दोन चाकांच्या मध्ये असतो, त्याच्यापर्यंत मागच्या चाकाचा दणका येईतो निम्मा होतो. मागच्याला अख्खा मिळतो. नवे शॉकअप बसवूनही हे राहणारच. म्हणून ठरवलंय, स्पीडब्रेकर आला की तोंडानं सांगायचं.

बुधवार

बाबांना घेऊन बोगद्यापर्यंत. “बाबा, स्पीडब्रेकर” म्हटलं की ते म्हणतात, “दिसतोय गं.” दिसत नसतो. पण माझ्या सूचनेनंतर त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घट्ट होतात, एवढं पुरे. मागची क्रोमची पकड त्यांच्या कामाची नाही, हात पाठीमागे नेला की खांदा आणि मान दोन्ही दुखतात.

बाकी हा माणूस मागे बसायला नालायक आहे. रस्त्यावर म्हैस दिसली की त्यांचा उजवा पाय मागच्या फूटरेस्टवर ब्रेक दाबतो, मला रबराची करकर ऐकू येते. चढावर कानात “थर्ड टाक, थर्ड.” मी थर्डमध्येच असते.

ब्रेकचं मात्र त्यांचं बरोबर निघालं. मागचा ब्रेक एकदम धरत होता आणि सोडताना अडकत होता. घरी येऊन त्यांनीच सांगितलं की ब्रेकचा कॅम, म्हणजे लायनर फाकवणारा खिळा, साफ करून ग्रीस लावायला सांग, लायनर बदलू नकोस. तेवढ्यानं काम झालं. ब्रेक हळूहळू धरायला लागला, की मागचा माणूस पाठीवर आदळत नाही.

शुक्रवार

सीटचं काम. पोवई नाक्याच्या अलीकडे एक जुना सीटवाला बसतो. त्यानं रेक्झिन उसवलं तर आतला फोम पिवळा पडून भुगा झालेला, बोटानं दाबला की पीठ. मध्ये जोडाशी इतका खचलेला की मागच्याला आपोआप पुढच्याकडे घसरायला लागायचं.

मला वाटलं होतं मऊ फोम टाकला की झालं. त्यानं ते उडवून लावलं. मऊ फोमवर दुकानात बसल्यावर बरं वाटतं, दहा किलोमीटरनंतर माणूस तळातल्या पत्र्यावर टेकतो. खाली कडक, तुकडे दाबून केलेला फोम, त्यावर इंचभर मऊ, असं त्यानं ठरवलं. मागची जागा सपाट, पुढे उतार नको. आणि रेक्झिन खरखरीत. चकचकीत रेक्झिनवर ब्रेक मारला की माणूस घसरतो.

मग त्यानं उसवलेली सीट उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “मागं बाईमाणूस बसायचं का एका अंगाला?”

मागच्या भागाचा डावा काठ उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं दबलेला होता. आत पत्र्याची कडही तिकडूनच वाकलेली.

आई बरोबर आली होती, भाजी घ्यायला म्हणून. ती बघत उभी राहिली आणि म्हणाली, “मी जन्मभर त्या काठावर बसले. तेव्हा कुणी उसवून बघितलं नाही. ह्यांना चार दिवस बसायला लागलं तर शॉकअप आले, फोम आला, पंप आला.” रागानं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. बाबा नव्हते तिथे. असते तर काय बोलले असते कोण जाणे. मला काही सुचलं नाही. सीटवाल्याला मात्र सुचलं. त्यानं सीट बाकड्यावर ठेवली आणि म्हणाला, “मावशी, बसून दाखवा.”

लुगडं सावरून आई बाकड्यावर एका अंगानं बसली, नेहमीसारखी, पाय डावीकडे. आपली वाहतूक डावीकडून, म्हणून पाय रस्त्याच्या कडेच्या बाजूला, रहदारीच्या नाही. पण असं बसलं की सगळा भार एका मांडीवर आणि सीटच्या काठावर येतो, म्हणून काठालाच आधार हवा. त्यानं डाव्या काठाला कडक फोमची पट्टी आतून वाढवली आणि कड गोल केली, मांडीला रुतू नये म्हणून. आईला सांगितलं की काठावर न बसता होता होईल तेवढं मागं सरकून बसायचं, म्हणजे पाठीचा कणा गाडीच्या मधोमध येतो आणि चालवणाऱ्याला उजवीकडे कलावं लागत नाही. हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

दोन्हीकडे पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित, हे मी तिला बोलून दाखवलं. पंजाबी ड्रेस आहे की तुझ्याकडे. “कोरेगावला, भावजयीसमोर?” विषय संपला.

साडी गार्ड मात्र घट्ट करून घेतला, त्याचे नट सैल होऊन जाळी टायरकडे झुकली होती. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३वा नियम यासाठीच आहे. मागच्याला धरायला पक्की पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि निम्म्याहून कमी नाही एवढं मागचं चाक झाकणारं आवरण, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. हल्लीची पोरं दिसायला बरं म्हणून गार्ड काढून टाकतात. मग एखाद्या दिवशी त्याच गाडीवर आजी ओढणी किंवा पदर घेऊन बसते. त्या पोरांच्या बापांना काही वाटत नाही का, हा मला खरंच पडलेला प्रश्न आहे.

रविवार, उशिरा

आईला घेऊन कोरेगावला जाऊन आले, तिच्या माहेरी. निघताना पायपंपानं ४० केली. बाबा ओट्यावर उभे राहून मीटर बघत होते.

पहिली अडचण हेल्मेटची. अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, वर उचललेलं राहतं आणि पट्टा गळ्याला काचतो. अंबाडा सोडून वेणी घातली, तेव्हा बसलं. हेल्मेट बनवणाऱ्यांच्या घरात अंबाडेवाली कुणी नसावी.

माहुलीच्या पुलावरचे सांधे हळू घेतले. जरंड्याच्या पायथ्यापासून पुढे रस्ता बरा होता, तिथे चाळीसच्या वर थोडी नेली. आई बोलत होती. गाडीवर ती कधी बोलायची नाही, मला वाटायचं वाऱ्यामुळे ऐकू येत नाही म्हणून. आज भावजयीच्या नव्या ओट्यापासून ते जरंड्यावर लहानपणी चढल्याच्या गोष्टीपर्यंत सगळं झालं, मध्ये मध्ये माझं “स्पीडब्रेकर” चालूच. कोरेगावात उतरल्यावर पाठ चोळली नाही. पण डाव्या पायाच्या पोटऱ्या दाबत राहिली. लेडीज फूटरेस्ट खाली आहे, तिचा पाय पूर्ण टेकत नाही, टोकावर लोंबकळतो. तो दीडएक इंच वर घ्यायला हवा. क्लॅम्पचंच काम आहे, घरी होईल.

परत येताना अंधार पडला. समोरून येणारे सगळे दिव्यांची उघडझाप करत होते. हवा, शॉकअप, सगळं नवं असलं तरी मागे वजन आलं की गाडीचं तोंड थोडं वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तसा या गाडीचा दिवा मुळात मिणमिणता, गाडी मंद झाली की तोही मंद होतो, आणि जेवढा आहे तेवढा झाडांच्या शेंड्यांवर. आई मागून म्हणाली, “आपल्याला दिसतंय का काही?” दिसत होतं, बेताचं.

उद्या अंधार पडला की गाडी समोरच्या भिंतीपुढे उभी करून दिव्याचे बोल्ट ढिले करायचे आणि उजेड खाली घ्यायचा. पण तो घ्यायचा मागे माणूस बसवूनच. बाबा म्हणतात, माझं वजन जास्त, मी बसतो. आई म्हणते, रात्रीची बाहेर मी जाते, तुम्ही नाही. मी दोघांना आळीपाळीनं बसवून मधला मार्ग काढणार आहे. पाना बाबांनी आत्ताच उशाशी नेऊन ठेवलाय.