भोलूला घेऊन चिखलदऱ्याला

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला मी न्हाणीघराच्या फरशीवर बसले होते. आमच्या कुत्र्याचं, भोलूचं, डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेरच्या खोलीत कूलरचा पंखा नुसता आवाजासाठी चालू ठेवला होता. गल्लीत लड लागली की त्याचं सगळं अंग थरथरायचं, आणि त्याच्या लाळेनं माझ्या पूजेच्या साडीचा पदर भिजला होता. दाराच्या फटीतून सात वर्षांची लेक हळूच विचारत होती, "आई, उद्या भोलू येईल ना गं आपल्यासोबत?"

येणार होता. तसं सप्टेंबरातच ठरलं होतं. पाडवा, भाऊबीज आणि त्यापुढचा एक दिवस आम्ही चिखलदऱ्याला काढणार होतो, आणि नागपुरात दिवाळीचा दणदणाट असताना त्याला मागे ठेवणं मला जमणार नव्हतं. कुत्री सांभाळायला ठेवतात तिथं दहा अनोळखी कुत्र्यांच्या भुंकण्यात तो तीन दिवस काढू शकला नसता. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बावीस किलोचा कुत्रा पट्ट्याला ओढायला लागला तर त्यांना आवरणार कसा? त्या धाकट्या दिराकडे राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "लेकरं आहेत बरोबर, एवढं ध्यानात ठेव."

ते ध्यानात होतंच. लेक सातची, धाकटा साडेतीनचा. कुत्र्याचं तोंड आणि साडेतीन वर्षांच्या मुलाचा चेहरा एकाच उंचीवर असतात. त्यामुळे चावा बसला तर तो हाताला बसत नाही, गालाला बसतो.

भोलूबद्दल सांगते. तो गावठी आहे. खामल्याच्या बाजाराजवळ तीन महिन्यांचा असताना सापडला, चार-पाच मोठ्या कुत्र्यांनी फाडलेला डावा कान घेऊन. घरात त्याच्यासारखा मायाळू प्राणी नाही. पण रस्त्यावर अनोळखी कुत्रा, हेल्मेट घातलेला माणूस किंवा हातात काठी दिसली की तो पट्ट्याच्या टोकावर उभा राहून असा भुंकतो की लोक फूटपाथ सोडतात. ट्रेनर लोक अशा कुत्र्याला रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात. शेजारी त्याला बिघडलेला म्हणतात. "दोन काठ्या हाणा, सरळ येते," हे मी किती वेळा ऐकलं असेल! मोकळा कुत्रा घाबरला तर पळून जातो. पट्ट्यातल्याला पळता येत नाही, म्हणून तो आवाज करून समोरच्याला पळवायला बघतो. अशा वेळी काठी मारली तर त्याच्या डोक्यात एवढंच पक्कं होतं की दुसरा कुत्रा दिसला की दुखतं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर, आणखी जोरात भुंकतो.

आम्ही आधी त्याला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवलं. कान, दात, कंबर, सगळं तपासून घेतलं, कारण दुखणं असलेला कुत्राही असाच वागतो. दुखणं नव्हतं. मग चौदा महिने रोज पहाटे अंबाझरीच्या बाजूला जाऊन एकच काम केलं. कुत्रा दिसेल पण भोलूला भुंकावंसं वाटणार नाही इतक्या लांब उभं राहायचं, आणि त्यानं तिकडे पाहिलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. पाहिलं, तुकडा. पाहिलं, तुकडा. तो खायचा थांबला की समजायचं, आपण फार जवळ आलो, आणि मुकाट्यानं मागे फिरायचं. पहिल्या दिवशी हे अंतर पन्नास फूट होतं. आता वीस फुटांवर तो माझ्याकडे वळून बघतो.

मुक्काम शोधायला तीन आठवडे लागले. "पेट फ्रेंडली" लिहिलेल्या जागा पुष्कळ, पण त्या सगळ्यांशी दोस्ती करणाऱ्या कुत्र्यासाठी असतात. एका ठिकाणी फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलं, "आमचेही तीन डॉग्ज आहेत, मोकळेच फिरतात!" मी आभार मानून फोन ठेवला. मग प्रश्नच ठरवून घेतले. तुमच्याकडे कुत्रा आहे का? कंपाउंडची भिंत किती उंच? मागच्या दारी उष्टं टाकता का, ते खायला बाहेरची कुत्री येतात का? सामान घेऊन कोणी न सांगता खोलीत येतं का? शेवटी गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर मिळालं. डोक्याहून उंच भिंत, एक फाटक, आणि राखण करणारे एक काका.

घरी तालीम सुरू केली. जमिनीवर खडूनं रेष मारली. रेषेच्या पलीकडे भोलूची जुनी सतरंजी. तो सतरंजीवर असला की लेकरांनी रेष ओलांडायची नाही, चेंडू गेला तरी नाही. लेकीला दोन दिवसांत जमलं. धाकट्याला पंधरा दिवस लागले, आणि त्याच्याबाबतीत रेषेवर विसंबायचं नाही, मोठं माणूस हवंच, हे आम्ही धरून चाललो. तोंडाच्या जाळीची सवयही तेव्हाच लावली. आतून दही लावून जाळी समोर धरायची, तो स्वतः तोंड घालायचा. कापडी पट्टी नव्हे, पिंजऱ्यासारखी जाळी घ्यावी. तिच्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. जाळी बघून लोक दोन पावलं लांब राहतात, हा वेगळा फायदा.

फराळाचा डबा मी कुलुपात ठेवला होता म्हटलं तरी चालेल. लाडवातले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, चॉकलेट विषारी, कांदाही वाईट. घरी लेकरं ताटं घेऊन टेबलाशी बसतात. प्रवासात ती गाडीच्या सीटवर चिवडा सांडत खातात आणि शेजारी कुत्रा असतो. म्हणून गाडीत फक्त मुरमुरे आणि केळी, बाकी सगळं डिकीत.

पाडव्याला पहाटे पाचला निघालो. नागपूर ते चिखलदरा साधारण २३० किलोमीटर. भोलू मागच्या बाजूला, हार्नेस सीटबेल्टला अडकवलेलं, त्याच्या खिडक्यांना पडदे. दुचाक्या दिसल्याच नाहीत तर भुंकायला कारणच नाही. रात्रीपासून पोट रिकामं ठेवलं होतं, त्यामुळे उलटी झाली नाही. कोंढाळी मागे पडेपर्यंत तिघंही झोपले. तळेगावला पोह्यांसाठी थांबलो तेव्हा गाडी हॉटेलपासून लांब, ट्रकांच्या पलीकडे लावली. नवरा लेकरांना घेऊन तर्री-पोहे खायला गेला, मी भोलूला शेताच्या कडेनं फिरवलं. मग अदलाबदल. माझे पोहे थंड झाले होते, पण भोलू एकदाही भुंकला नव्हता. अमरावती, परतवाडा, मग घाट. वर पोचलो तेव्हा हवेत गारवा होता, आणि भोलूनं अंगणात पहिल्यांदा सगळं अंग झटकलं. रात्रभराचा ताण त्यानं तिथं टाकला असं मला वाटलं.

काकांनी फाटक उघडता उघडता सांगितलं, "बाई, सात वाजल्यावर त्याले बाहेर काढू नका. बिबट येते इकडे. मागच्या पावसाळ्यात आमचं कुत्रं वसरीतून नेलं." मी एक गोष्ट आधीच ठरवून आले होते, ही दुसरी झाली. जंगलात, जंगलातल्या पॉइंटांवर, भोलूला न्यायचंच नाही हे पक्कं होतं. चिखलदरा मेळघाटात येतं, आणि मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. आपल्या कुत्र्यांचे रोग रानात पोचले तर काय होतं ते २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर या कुत्र्यांना होणाऱ्या रोगाची साथ आली तेव्हा सगळ्यांनी वाचलं. भोलूची डिस्टेंपरची आणि रेबीजची लस झालेली आहे, कागद गाडीतच होते. तरी ते घर वाघाचं आहे. तिथं आपला कुत्रा नको.

त्याच दिवशी साडेचारला चूक झाली, आणि ती माझी होती.

काका दूध घेऊन येणार होते म्हणून भोलूला जाळी लावून मी अंगणात उभी होते. जांभळाच्या झाडावरून एक वानर धाडकन टिनावर पडलं, मागोमाग आणखी चार. भोलू पेटला. दोन पायांवर उभा राहून भुंकायला लागला, पट्टा माझ्या तळहातात कचकचत होता. मी खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावायची विसरले होते. धाकटा "वांदर! वांदर!" करत पळत आला, आणि भोलूला आवरायला मी जसं पाठीमागून कवटाळते तसंच त्यानं कवटाळलं. भोलू गर्रकन वळला. जाळी धाकट्याच्या गालावर आदळली.

क्षणभर कुणाचाच आवाज आला नाही. मग लेकरू रडलं. गालावर जाळीच्या चौकोनाचा लाल ठसा होता, कातडी फाटली नव्हती. त्या उसळीत कुत्र्याला कोण जवळ आहे ते दिसत नाही, जो हाताशी येईल त्याच्यावर तो वळतो, हे मला ट्रेनरनं शंभरदा सांगितलं होतं. जाळी नसती तर मी हे लिहीत बसले नसते, परतवाड्याच्या दवाखान्याची गोष्ट सांगत असते.

रात्री लेकरं झोपल्यावर नवरा म्हणाला, "उद्या सकाळी परत जाऊ. काय करून राहिलो आपण? लेकरांच्या जिवाशी खेळ आहे हा." मी चिडले नाही. तो बरोबर होता. भोलू कोपऱ्यात सतरंजीवर पडून आमच्याकडे बघत जांभया देत होता. झोपेच्या नाहीत, कुत्रा अस्वस्थ असला की देतो तशा. आम्ही बाराएक वाजेपर्यंत बोललो. परत जायचं तर नागपुरात भाऊबीजेचे फटाके होतेच. राहायचं तर आपण चौघं मिळून फिरायला आलोय ही कल्पना सोडायची. दोन सहली करायच्या, एक लेकरांची, एक भोलूची, आणि मधे बंद दार. मला वाईट वाटलं. चौघांचा आणि भोलूचा एकत्र फोटो मी मनात कधीचा काढून ठेवला होता.

आणि एक नियम केला. भोलूला बाहेर काढण्याआधी एकानं मोठ्यानं म्हणायचं, "कडी?" दुसऱ्यानं हात लावून बघायचं आणि सांगायचं, "लागली." उत्तर आल्याशिवाय पट्टा हलवायचा नाही.

भाऊबीजेच्या सकाळी नवरा दोघांना घेऊन गाविलगडला गेला. परत आल्यावर लेकीनं मला सगळं ऐकवलं, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला, दरवाजे केवढाले आहेत, आणि धाकटा अर्ध्या वाटेवर बाबाच्या खांद्यावर बसला. मी तो किल्ला पाहिला नाही. मी भोलूबरोबर भिंतीच्या आत चार तास होते. गवतात चिकनचे तुकडे विखरून टाकले, तो नाक खाली घालून शोधत राहिला. वानरं पुन्हा आली तेव्हा आम्ही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्यानं कान टवकारले, वर पाहिलं, आणि माझ्याकडे वळला. तुकडा. पुन्हा पाहिलं. तुकडा. चौदा महिन्यांच्या अंबाझरीच्या पहाटा मला त्या एका वळण्यात परत मिळाल्या. डोळ्यांत पाणी आलं, एकटीच होते म्हणून येऊ दिलं. दुपारी मी लेकरांना घेऊन भीमकुंड बघायला गेले आणि नवरा भोलूपाशी बसला.

संध्याकाळी ओवाळणी. लेकीनं धाकट्याला ओवाळलं, त्याच्या गालावरचा ठसा तोवर गेला होता. मग ती म्हणाली, "भोलू पण माझा भाऊ आहे." निरांजन त्याच्या तोंडासमोर फिरवू देणार नव्हते मी. तिनंच तोड काढली. खडू मागून घेतला, फरशीवर रेष मारली, रेषेच्या अलीकडे उभी राहून लांबूनच ताट फिरवलं. भोलू सतरंजीवर, पट्टा बाबाच्या हातात. धाकट्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले होते आणि रेषेला पाय लागू नये म्हणून तो खाली बघत होता. ओवाळणीत भोलूकडून तिला काय द्यायचं, यावर बराच विचार झाला. शेवटी त्याचा जुना, चावलेला दोरीचा गोळा दिला. तिनं तो रुमालात बांधून बॅगेत ठेवला.

तिसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत नागपुरात पोचलो. पुढचे पाच दिवस मी भोलूला रस्त्यावर नेलं नाही, फक्त पहाटे आणि रात्री गच्चीवर. त्यानं खूप झेललं होतं. बाकी वेळ तो पंख्याखाली आडवा पडून झोपला.

काल पहिल्यांदा त्याला खाली न्यायला पट्टा काढला. धाकटा आतल्या खोलीत गाड्या मांडून बसला होता. तिथूनच ओरडला, "कडी?" सासूबाईंनी जाऊन दाराला हात लावला.

"लागली रे बाबा."