द्यालु मारे, तिसरा हंगाम: तांबडी माती, पांढरा दगड

यंदा ठरवलं होतं, बाटल्या कमी आणि पायपीट जास्त. बुखारेस्टहून उत्तरेला निघालं की तास-सव्वा तासात या टेकड्या सुरू होतात. द्यालु मारे हा रोमानियातला वाइनच्या द्राक्षांचा पट्टा; नावाचा अर्थ मोठी टेकडी. गेले दोन हंगाम हा सगळा पट्टा मी एकाच चवीचा धरून चालले होते. ती समजूत यंदा सप्टेंबरअखेर मोडली.

चेप्तुरा गावाजवळ वेलींच्या ओळीत उतरले, तर आदल्या रात्रीच्या पावसाने बुटांना बोटभर तांबडा चिखल चिकटला. लोहाने लाल झालेली, ओल धरून ठेवणारी चिकण जमीन. उतार दक्षिणेकडे, पाठीशी कार्पाथियनचं वळण, त्यामुळे उत्तरेचा गार वारा अडतो आणि ऊन पूर्ण मिळतं. 45 अंश अक्षांशावर, बोर्दोच्याच रांगेत, काळं द्राक्ष नीट पिकतं ते यामुळेच. इथला मान फेत्यास्का न्याग्रा या काळ्या द्राक्षाचा; नावाचा अर्थ काळी कुमारी. वाइनमध्ये वाळवलेल्या आलुबुखाराचा वास येतो. हा वास आता मी डोळे मिटून ओळखते, ही या वर्षीची खरी कमाई.

मग पूर्वेला, बुझाऊ जिल्ह्यात प्येत्रोआसेले. गावाचं नावच दगडावरून पडलेलं. 1837 मध्ये इथे दगड काढताना सोन्याचा प्रसिद्ध खजिना सापडला होता. मला हवा होता तो दगडच! वेलीच्या बुडाशी पडलेला एक पांढरट खडा उचलला, पिशवीतल्या बाटलीतून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. बारीक फेस आला. चुनखडी. अशा जमिनीत पाण्याचा निचरा पटकन होतो, वेल माजत नाही, जोर पानांत न जाता घडांत उतरतो. इथे तमयोआसा रोम्न्यास्का ही द्राक्षाची जात पिकते. 'तमये' म्हणजे धूप. घड उशिरापर्यंत वेलीवर राखून गोड वाइन करतात, आणि पेला नाकाशी नेला की धूप, मध, संत्र्याची फुलं एकामागून एक येतात. एकाच पट्ट्यात इतका फरक पडतो, हे मी जमिनीवर उभी राहिले तेव्हाच पटलं.

थंडीची गोष्ट मात्र घरी फोनवर सांगताना उलगडली. निफाडला आमची बाग. एप्रिलला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी, आणि काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून तिला रासायनिक पेस्ट लावायची. रोमानियात डोळे एकसारखे फुटवायचं ते काम हिवाळाच करतो. पानं गळतात, वेल महिनोन्‌महिने झोपते. बाबांनी विचारलं, "मग मार्चमध्ये छाटतात तेव्हा काडी रडते का?" हो, कापल्या जागी पाणी टपकतं. म्हणाले, "मग वेल तीच आहे."

पुढचं काम: मार्चमध्ये छाटणीला हजर राहायचं, आणि याच पट्ट्यातल्या वाल्या कलुगरेआस्का गावच्या उतारावरची माती बरणीत आणायची. व्हिनेगर सोबत असेलच.