ओढ्याकाठचा राजगड

दिवाळीत सोलापूरहून पुण्याला जाणारे बहुतेक जण लक्ष्मी रोडसाठी जातात. मी किल्ले बघायला गेलो. सिंहगड-तोरणा नव्हे, जिन्याखाली, पार्किंगमध्ये, वाड्याच्या अंगणात पोरं बांधतात ते. सकाळची हुतात्मा पकडली आणि पुणे स्टेशनवरून रिक्षाने थेट कसबा पेठेतला कुंभारवाडा गाठला.

रस्त्याच्या कडेला नुसती मांडामांड. सिंहासनावरचे महाराज, तोफा, भालदार, घोडेस्वार; आणि मागच्या रांगेत गवळण, भाजीवाली, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई. मला या मागच्या रांगेचंच कौतुक जास्त. वर गड कितीही उंच असो, पायथ्याला गाव लागतंच, आणि त्या गावात कुणाकुणाला जागा द्यायची हे ठरवताना पोरांचं डोकं खरं चालतं. शेजारी प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही होते. हाताला माती न लागता उभ्या राहिलेल्या वस्तूला किल्ला म्हणणं माझ्या जिवावर येतं, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

मध्ये वेळ होता म्हणून कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून घेतलं. १९९८ पासून त्या इवल्याशा शहरात सिग्नल लाल झाला की गाडी थांबते, आणि मिळाला की निघते. खऱ्या कोथरूडच्या डोक्यावरून पहिली मेट्रो धावली ती ६ मार्च २०२२ ला, वनाज ते गरवारे कॉलेज. खेळण्यातलं शहर चोवीस वर्षं पुढे होतं म्हणायचं! बघावं असंच आहे ते, पण त्याला हात लावायचा नसतो. मला हात लावलेलं शहर हवं होतं.

ते सापडलं आंबील ओढ्याच्या काठी, मावसबहिणीच्या सोसायटीत. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. पेशवाईत त्याचा मार्ग वळवला होता, आणि नंतरच्या पुण्याने तो जमेल तिथे आवळत आणला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घरांत शिरला. शहरात माणसं गेली, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. सोसायटीची भिंत तेव्हा पडली. आता आहे ती जास्त उंच. पलीकडे वस्ती. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावश्यांना या भिंतीला मोठा वळसा घालून यावं लागतं.

किल्ला दोन्हीकडच्या पोरांनी मिळून केला होता. वर राजगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, त्यामुळे तिन्ही माच्या जागच्या जागी असण्याबद्दल भलताच कटाक्ष. विटांचे तुकडे, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर पेरलेले अळीव चांगले बोटभर आलेले. तटाला गेरू. पद्मावती तळ्यातून सलाईनची नळी खाली सोडलेली. तिचं चाक फिरवलं की पाणी सुरू.

आणि पायथ्याशी होती त्यांचीच गल्ली. आहे तशी नाही, त्यांना हवी तशी. रांगोळीचा रस्ता, त्याला व्हीलचेअर जाईल एवढा फुटपाथ. काड्यापेट्यांच्या दोन पीएमटी एकामागे एक, म्हणजे एक भरली तरी दुसरी आहे. एका आजींच्या आग्रहावरून बायकांसाठी स्वच्छतागृह, तेही बसथांब्याला लागून. ‘तिथे उभं राहून राहून पाय जातात रे, आणि जायचं कुठे?’ असं त्यांनी मलाही ऐकवलं. एक मावळा बसपेक्षा उंच होता आणि कुंभारवाड्यातली भाजीवाली दुमजली इमारतीएवढी. त्याने कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं होतं पार्किंगपाशी. एकाने गल्लीतल्या ओढ्याच्या कडेला ओळीने गाड्या लावल्या. वस्तीतली एक मुलगी, असेल सातवी-आठवीतली, काही न बोलता मगभर पाणी घेऊन आली आणि तिने ते बालेकिल्ल्यावरून ओतलं. पाणी सुवेळा माचीवरून उतरलं, गल्लीच्या तोंडाशी तुंबलं आणि गाड्या घेऊन चपलांच्या स्टँडपर्यंत गेलं. मोठी माणसं हसली. तिने निमूटपणे दोन विटा काढल्या, ओढ्याचं पात्र वीतभर रुंद केलं, कडेला माती उतरती थापली आणि दुसरा मग ओतला. या वेळी पाणी कडेच्या अळिवांत पसरलं आणि थांबलं.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावून ठेवलंय की गडावर आधी पाणी बघावं, मग बांधकाम. कागदावरच्या नकाशात निळी रेघ मारली की ओढा संपतो. मातीत तसं चालत नाही. उतार चुकला की पाणी लगेच पायाशी येतं. नदीकाठाचे आराखडे रंगीत पडद्यावर दाखवतात, त्या सभेत एकदा असाच मग न्यायला हवा, असं मला फार वाटलं. आणि मग हातात असावा तो ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं त्याच्या. त्या मुलीला उतार कुणी शिकवला नव्हता, तिला तो माहीत होता.

सेक्रेटरी काका मात्र गाड्यांवर बोलत नव्हते. त्यांची नजर भिंतीवर. किल्ल्यातल्या भिंतीला पोरांनी मधोमध दार ठेवलं होतं, पुठ्ठ्याचं, उघडझाप होणारं. खऱ्या भिंतीला दार नाही.

“हे कुणी केलं?”

“सगळ्यांनी,” तीन-चार आवाज.

“आणि चावी कुणाकडे राहणार?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मगवाली म्हणाली, “गडासारखं करायचं काका. सकाळी उघडायचं, दिवस मावळला की बंद.”

काकांनी जरा विचार केला. “दिवस मावळला की कशाला? मावश्या सातला जातात. आठला बंद करू.”

“दहा,” मागून एक मुलगा म्हणाला. “माझा क्लासच साडेनऊला सुटतो.”

“नऊ.”

“काका, साडेनऊला सुटतो म्हटलं ना!”